ताणावरची बाग

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर सकाळ आहे. मार्गशीर्षातली, अंगावरची शाल काढावी की राहू द्यावी याचा निर्णय होऊ न देणारी. मागच्या पडद्यावर बालाघाटाची निळसर रांग. डाव्या विंगेला पत्र्याचं शेड, त्याच्यापुढं बाज, बाजेवर गहिनीनाथ आणि त्याच्या हातात चहाची बशी. उजवीकडून डावीकडं मोसंबीची झाडं, ओळीनं उभी, पानांवर धूळ, सगळी गप्प. आणि मधोमध टोपी घातलेली एक मुलगी. तिच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला बोटाएवढी नळी, नळीतून निघालेली वायर गळ्यातल्या डब्यात शिरलेली. नळी तिनं एका झाडावर रोखून धरली आहे. झाड हलत नाही, मुलगीही हलत नाही.

शेवटच्या ओळीतल्या झाडाआड एक पांढरी ओढणी अर्धी दिसते, अर्धी दिसत नाही. जे पात्र अर्धं लपलेलं असतं त्याच्यावरच प्रेक्षकांची नजर खिळते, हा नाटकाचा जुना नियम. तेव्हा गहिनीनाथला चहा पिऊ द्या, मुलीला तिचं काम करू द्या, आपण ओढणीकडं बघू. ती अकबरीबी.

अकबरीबी घाटनांदूरची, फळवाल्यांच्या घरातली. धंदा बागा गुत्त्यानं घेण्याचा. म्हणजे झाडावर फूलसुद्धा नसताना येणारं सगळं फळ आपलं म्हणून ठरवून टाकायचं. मग गारा पडोत, पाखरं खावोत, नशीब आपलं. तिचा नवरा ख्वाजा हेच करायचा. तो गेला तेव्हा मुलगा अशफाक शाळेत होता. बाजारातल्या लोकांनी माना हलवल्या. बाईमाणूस, ही काय बागा घेणार! बाईमाणसानं ओढणी डोक्यावर घट्ट ओढली आणि एकटीनं पहिली बाग घेतली ती गहिनीनाथची. त्याला किती वर्षं झाली हे दोघांना विचारलं तर दोघं वेगवेगळा आकडा सांगतील आणि त्यावरून भांडतील.

हा धंदा विश्वासावर चालतो म्हणतात. अकबरीबीचा संशयावर चालला. तिच्या अंगात तो जन्मापासूनच होता. ती लहान असताना जत्रेत कनाती नाटकांचे तंबू पडायचे. काय ते दिवस! गॅसबत्त्यांचा फसफसता उजेड, तिकिटासाठी रेटारेटी, आणि तंबूच्या दारात सोललेली मोसंबी विकणारी ही पोर. आत राजा वनवासाला निघाला की सगळा तंबू हुंदके द्यायचा. ही झगा सावरत तंबूच्या मागं जाऊन बघून यायची आणि डोळे पुसणाऱ्या बायांना सांगायची, “उगी रडू नका. राजा मागं बसून बिडी वडायलाय.”

मोठी झाली तरी सवय गेली नाही. कंडक्टरनं तिकीट फाडलं की ते उन्हात धरून बघायची. दुकानदाराचा तराजू आधी रिकामा तोलून घ्यायची. डॉक्टरनं सुई काढली की म्हणायची, “आधी बाटली दाखवा.” अशफाकसाठी मुलगी बघायला गेली तेव्हा चहा आला. चहा चांगला होता, म्हणूनच तिला शंका आली. चहा पोरीनं केला का तिच्या भावजयीनं? ती उठून सरळ चुलीपाशी गेली आणि पोरीचा हात धरून हुंगला. आल्याचा वास आला, तेव्हाच होकार दिला. ती सून, आफ्रीन, अजून हे सांगताना हसून हसून खाली बसते.

आता या बागेचं सांगायचं तर मोसंबीचा कायदा मोठा निर्दय आहे. थंडीत झाडाचं पाणी तोडायचं. त्याला तहानेनं व्याकूळ होऊ द्यायचं, पानं मलूल पडू द्यायची. मरण समोर दिसलं की झाड जिवाच्या आकांतानं फुलून येतं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. ताण कमी बसला तर नुसता पाला फुटतो. जास्त झाला तर फांद्या वाळून जातात. ताण कोणत्या दिवशी तोडायचा, म्हणजे पाणी पुन्हा कधी सोडायचं, यावर पुढचं सगळं वर्ष उभं असतं.

गहिनीनाथ आणि अकबरीबी यांनी यात स्वतःची एक रीत पाडली होती. पाणी बंद करण्याच्या दिवशी दोघांनी विहिरीजवळच्या मोठ्या कॉकपाशी जायचं. गहिनीनाथनं कॉक आवळायचा आणि अकबरीबीनं त्यावर जुन्या चादरीची चिंधी बांधायची, तिला एकटीलाच येणारी गाठ मारून. ताण तोडायच्या दिवशी गाठ तिनंच सोडायची. मग तिथंच बांधावर बसून बागेचा सौदा तोंडी ठरायचा.

“माझ्यावर इस्वास न्हाई का तुझा?” पहिल्या वर्षी गहिनीनाथनं विचारलं होतं.

“हाय की भाऊ. पन गाठ असू द्या.”

गहिनीनाथ हसला होता आणि तेव्हापासून गाठ होती.

यंदा मात्र रंगमंचावर दोन नवी पात्रं आली. एक पप्पू, गहिनीनाथचा पुतण्या. पांढरा झब्बा, कानाला फोन, चौकातल्या बॅनरवर पुढाऱ्यांच्या खालच्या ओळीत हसणारा चेहरा. त्याच्या मनात बाग बाहेरच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला द्यायची होती. “काका, आता लोक मशिनीचं रिडिंग बघून बाग घेतेत,” तो म्हणायचा. “चिंध्या बांधून न्हाई.” दुसरी ही मुलगी, करिष्मा. कृषी विद्यापीठाकडून अभ्यासाला आलेली, अंबाजोगाईला खोली घेऊन राहणारी, आठवड्याला स्कूटीवर यायची. तिला ताणावर सोडलेली एक बाग हवी होती आणि पप्पूनं तिला ही दाखवली होती. एवढं अकबरीबीला पुरेसं होतं. पप्पूनं आणलेली पोरगी, पोरीच्या हातात यंत्र, यंत्राचं तोंड झाडाकडं. फळं मोजणार आणि बाग आपल्या हातातून काढणार. फळं अजून झाडावर आली नव्हती, पण तेवढं थांबायला संशयाला सवड नसते.

ती झाडाआडून बाहेर आली.

“काय मोजायलीस गं पोरी?”

करिष्मा दचकली, मग हसली. “मोजत नाही आजी. ऊन पानावर पडतं ना, त्यातलं कसलं आणि किती परत येतं ते बघतेय.”

“ऊन परत येतंय?”

“येतं की. म्हणून तर पान हिरवं दिसतं आपल्याला.” तिनं एक पान हातात धरलं. “याला बारीक बारीक तोंडं असतात, डोळ्याला न दिसणारी. त्यातून ते हवा आत घेतं आणि पाण्याची वाफ बाहेर सोडतं. पाणी कमी पडलं की तोंडं मिटून घेतं. हवा आत जात नाही, पण ऊन तर पडतच राहतं. मग न वापरलेल्या उन्हाचं काय करायचं? ते जिरवायला पान आतल्या आत आपला रंग किंचित बदलतं. आपल्याला तो फरक दिसत नाही. याला दिसतो.”

“म्हंजे पानानं तोंड मिटलं की ह्याला कळतंय.”

“हो.”

“आन् मानसानं मिटलं की?”

“ते नाही कळत.”

“मग निम्मंच काम करतंय,” अकबरीबी म्हणाली आणि बाजेवर गप्प बसलेल्या गहिनीनाथकडं तिनं एक नजर टाकली. गहिनीनाथनं बशीत नजर घातली.

शेजारी स्टुलावर एक पांढरी पाटी होती, पोळपाटाएवढी. करिष्मा दर वेळी आधी पाटीवर नळी धरायची, मग झाडावर. जाताना पाटी आणि स्टूल शेडमध्येच ठेवून जायची.

“आन् ही कशाला?”

“ही शुद्ध पांढरी. तिच्यावर पडलेलं जवळजवळ सगळं ऊन परत येतं. आधी यंत्राला ही दाखवायची, म्हणजे आज ऊन एवढं आहे हे त्याला कळतं. मग त्या मानानं झाड. फक्त हिला बोट लावायचं नाही हं कुणी.”

“देवासारखंच की,” शेडमधून गहिनीनाथची बायको छबुबाई बोलली. तिला हा प्रकार पहिल्यापासून आवडला होता. “आधी निवद पाटीला, मग झाडाला.”

अकबरीबीनं बोट लावलं नाही. वाकून पाटी हुंगली. कशाचाच वास आला नाही. आणि ज्याला वास नाही अशा वस्तूवर तिचा जन्मात भरवसा बसला नव्हता.

मग आली येळवस. मार्गशीर्षाची अमावस्या. त्या दिवशी इकडची गावं ओस पडतात आणि रानं भरतात. गहिनीनाथच्या शेतात कडब्याची कोप उभी राहिली, कोपीत पाच दगडांचे पांडव बसले, शेंगा-दाणे-पालेभाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचं पातेलं आणि ताकातल्या आंबिलीचा माठ आला. आग्रहाला ऊत होता. करिष्माच्या हातात तिसऱ्यांदा आंबिलीचा पेला आला तेव्हा तिनं डोळे पांढरे केले. अकबरीबी सून-मुलासह जेवायला आलेली, दर वर्षीसारखी. भज्जी तोंडात घालायच्या आधी तिनं विचारलं, “वाल कोनाच्या रानातले?” छबुबाई म्हणाली, “खा गप. इख घातलंय.” दोघी हसल्या. जेवणं चालू असताना छबुबाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन सगळीकडं फिरून आली. झाडांच्या बुंध्यांना बोटं उठली, मोटारीला उठली, ट्रॅक्टरच्या नाकाला उठली. रानात राबणाऱ्या कुणाचाच मान तिनं त्या दिवशी चुकवला नाही.

येळवशीनंतर करिष्मा पुन्हा आली. पाटी झाली, झाड झालं, दुसरं झाड झालं. तिच्या कपाळाला आठी पडली. ती सबंध ओळ फिरून आली. अकबरीबी नेमकी त्या दिवशी ताण बघायला आली होती आणि पप्पूही होता.

“काय निघालं?” पप्पूनं विचारलं.

“कळत नाही,” करिष्मा आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. “मागच्या वेळी तोंडं मिटायला लागली होती. आता मस्त उघडी दाखवतंय. ताण सुटल्यासारखा. जणू कुणी पाणी पाजलंय झाडांना.”

मुलगी सरळ मनाची. तिला काय ठाऊक की तिनं वाक्य टाकलं कुठं! भर प्रयोगात कुणीतरी दुसऱ्याच नाटकातलं वाक्य बोलावं तसं झालं. सगळ्यांची नजर सावकाश विहिरीकडं, चिंधी बांधलेल्या कॉककडं गेली.

ते कॉकपाशी गेले. चिंधी होती. गाठ होती तशी होती.

“बघा,” अकबरीबी म्हणाली.

“काय बघा?” पप्पूनं फोन खिशात घातला. “गाठ तुमची. दुसऱ्या कोनाला येत न्हाई, तुमीच सांगता. मग सोडून परत बांधनारं बी दुसरं कोन असंल?”

“आन् मी कावून सोडू? माझाच बहर मी बुडवू?”

“बहर बिघडला की बाहेरचा व्यापारी बागेला हात लावनार न्हाई. मग बाग आपसूक तुमच्याच पदरात, पडंल त्या भावात.”

“पप्पूशेठ, लई डोकं लावायलाव. एवढं इलेक्शनला लावलं असतं तर बॅनरवर वरच्या वळीत गेला असतात.”

छबुबाई फिसकन हसली. गहिनीनाथ हसला नाही. तो खाली वाकला, ठिबकच्या नळीखालची माती बोटांनी उकरली. वरून कोरडी होती. खाली किंचित गार लागली, पण यंदा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता, काळी जमीन खोलवर ओल धरून असते, तेव्हा त्या गारव्याचा अर्थ कसाही लावता आला असता. पानांचंही तसंच. मलूल म्हणावी तर मलूल, नाही म्हणावी तर नाही. अकबरीबीनं एक पान चुरडलं, हुंगलं, आणि खरं सांगायचं तर तिलाही ठरवता आलं नाही. ती गहिनीनाथच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यानं एक शब्द बोलावा. पप्पूला नुसतं गप म्हणावं.

गहिनीनाथ हात झटकत उठला.

“अकबरीबी, परवा अशफाक आलता का इकडं?”

बस. एवढंच. आवाजही चढवला नाही. पण नाटकात ओरडून म्हटलेली वाक्यं लोक विसरतात आणि हळू म्हटलेली घरापर्यंत घेऊन जातात. अकबरीबीनं ते वाक्य घेतलं आणि ती वाटेला लागली.

घरी अशफाक टेम्पोत रिकामे कॅरेट रचत होता. ती त्याच्या पाठीमागं उभी राहिली. जीपमध्ये बसल्यापासून ते एकच वाक्य तिच्या डोक्यात घिरट्या घालत होतं. अशफाक परवा धारूरला जाताना त्याच रस्त्यानं गेला होता. पोराला कुणी काही सांगितलं असेल? बाग हातची जाईल म्हणून त्यानंच काही केलं असेल?

“अशफाक. खरं सांग. कॉक सोडला का रे तू?”

त्याच्या हातातलं कॅरेट हातातच राहिलं. “अम्मा, तू बी मेरे पर शक कर री?”

“मी इचारायले फक्त.”

“मैं रस्ते से गया, हॉर्न बी नै बजाया.” त्यानं कॅरेट खाली ठेवलं आणि आत निघून गेला. जेवायला बसला नाही. आफ्रीन, एरवी सासूच्या प्रत्येक शंकेवर हसणारी, ताटं झाकताना तिच्याकडं न बघता म्हणाली, “अम्मा, उनो ऐसा काम कैसे करतें?”

अकबरीबी ओट्यावर बसून राहिली. जन्मभर तिनं लोकांच्या अंगणात खडे मारून पाहिले होते. कुठं आवाज येतो, कुठं येत नाही. खडा लागलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते तिनं आज पहिल्यांदा बघितलं, आणि ते तोंड अशफाकचं होतं. तिचंही दुपारी तसंच झालं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ट्रंकेतून नवी ओढणी काढली. पांढरी, निळीत बुडवून वाळवलेली, ईदनंतर न घातलेली. साक्ष द्यायला जायचं तर माणूस चांगल्या कपड्यात जातो. पप्पूचा व्यापारी दुपारी बाग बघायला येणार हे तिला चौकात कळलं होतं. म्हणजे दुपारनंतर बोलून उपयोग नव्हता. बागही गेली असती आणि चोरून पाणी सोडल्याचा बोलही तसाच मागं राहिला असता.

शेतात सगळे होते. गहिनीनाथनं करिष्माला फेरतपासणीला बोलावून घेतलं होतं. यंत्र कालचंच सांगत होतं.

“आलाव का?” पप्पू म्हणाला. “आता काय, कुरान उचलता का काय?”

“पप्पू!” छबुबाई ओरडली.

“माझी कसम ऱ्हाऊ द्या,” अकबरीबी म्हणाली. “कसम ह्या डब्याची घ्या. ह्यो म्हनतो झाड पानी पेलंय. ह्यो कोन? मी ह्याला वळखत न्हाई, ह्यो मला वळखत न्हाई. कोरटात बी गवाहाला आधी चार सवाल इचारतेत. पोरी, तुझ्या ह्या गवाहाला मला एक सवाल इचारायचाय.”

करिष्मा गोंधळली. “विचारा ना आजी.”

अकबरीबीनं ओढणीचा पदर हातावर पसरला. “पप्पूशेठ, हिचा रंग कोनता?”

“पांढरा. आंधळा हाय का मी?”

“छबुबाई?”

“पांढरीफेक हाय.”

“भाऊ?”

गहिनीनाथनं मान हलवली.

“आमी चौघं म्हनतोत पांढरी. आता ह्यो काय म्हनतो बघू. खरं बोलला तर माझं तोंड बंद.”

पप्पू खो खो हसला. करिष्माही हसू शकली असती, शिकलेलं माणूस अशा वेळी हसतंच. ती हसली नाही. तिनं पाटीवर नळी धरली, मग ओढणीवर. डब्यावरच्या काचेकडं बघितलं. पुन्हा पाटी, पुन्हा ओढणी.

“असं होऊच शकत नाही,” ती म्हणाली.

“काय म्हनतो?”

“म्हणतो, ओढणीवर जेवढं ऊन पडतं त्याहून जास्त परत येतंय. निळीनं थोडा फरक पडतो, पण एवढा नाही. हिरव्याच्या बाजूलासुद्धा...” ती बोलता बोलता थांबली. स्टुलावरची पाटी तिनं दोन्ही हातांनी कडेला धरून उचलली, उन्हात आणली आणि अकबरीबीच्या हातावरच्या पदराला लावून धरली.

एकटी असताना पाटी पांढरीच दिसायची. पदराशेजारी ती दुधाशेजारी तूप ठेवावं तशी दिसली.

अकबरीबी वाकली. पाटी हुंगली. या वेळी वास आला, अगदी पुसट, पण ओळखीचा.

“हळद.”

सगळे छबुबाईकडं वळले. छबुबाईचा हात तोंडावर गेला.

“अगं बाई! येळवशीला... सगळ्याला लावली, मग हिलाच कशी सोडू? एवढी राबती बिचारी.” तिचा आवाज रडवेला झाला. “मग आठवलं, पोरगी म्हनली बोट लावू नगा. म्हनून लगीच वल्या पदरानं पुसली की. लखलखीत पुसली!”

“पुसली न्हाईस,” गहिनीनाथ हळूच म्हणाला. “पसरलीस.”

करिष्मा मटकन खाली बसली आणि कपाळाला हात लावून हसायला लागली. हसणं ओसरल्यावर तिनं समजावून सांगितलं. हळद निळं ऊन खाते आणि त्याला लागून असलेलं हिरवंही थोडं खाऊन टाकते. पाटीच तेवढं ऊन कमी परत द्यायला लागली, म्हणजे तिच्या मानानं झाडं जास्त परत देतात असं यंत्राला वाटलं. आणि पोटभर पाणी प्यालेली झाडं तसंच करतात. “चूक माझी आहे. दर वेळी पाटी आधी तपासायची असते. मी आंबील पीत बसले.”

स्कूटीच्या डिकीतून तिनं बारीक पॉलिश पेपर काढला, पाण्यात भिजवला, आणि पाटी गोल गोल घासली. पिवळं पाणी निघालं. पाटी उन्हात वाळवली. मग पुन्हा तेच. पाटी, झाड. पाटी, झाड. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन ती जवळजवळ पळतच परत आली.

“काका, तोंडं नुसती मिटलेली नाहीत, आवळून धरलीत. एवढ्या सकाळी अशी मिटलीत म्हणजे ताण पुरता बसला. आजच पाणी सोडा. अजून आठवडा थांबलो असतो तर फांद्या वाळल्या असत्या.”

पप्पू दोन बोटांनी झब्ब्याची कॉलर सारखी करत होता. “मला काय म्हाईत ती हळद हाय म्हनून.”

“तुमाला कसं म्हाईत असंल?” अकबरीबी म्हणाली. “अजून लागली कुटं?”

या वेळी छबुबाई रडता रडता हसली आणि करिष्माही. लग्नाचं वय उलटत चाललेला पप्पू फोन कानाला लावून, पलीकडं कुणी नसताना बोलत, शेडमागं निघून गेला. व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून सांगायला गेला असेल, नसेल. त्याची एक्झिट चांगली झाली एवढं मात्र खरं.

गहिनीनाथ कॉकपाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं वाट बघितली. अकबरीबी जागची हलली नाही. शेवटी त्यानंच त्या गाठीशी झटापट केली, नखं लावली, दात लावले, आणि कशीबशी ती सोडवून कॉक फिरवला. नळ्यांमध्ये आधी हवा शिट्टी वाजवत धावली, मग पाणी. झाडाखाली काळे ठिपके उमटले आणि मोठे होत गेले. एरवी या वेळी दोघं बांधावर बसलेले असायचे, सौद्यावर भांडत, एकमेकांच्या तीन पिढ्यांचा उद्धार करत. आज बांध रिकामा होता.

अकबरीबीनं पदर डोक्यावर घेतला, छबुबाईचा खांदा दाबला, करिष्माच्या गालाला हात लावून बोटं मोडली आणि ती डांबरीकडं निघाली. गहिनीनाथ तिच्या मागून चालू लागला. चपलांचा आवाज येत होता, पण तिनं मागं बघितलं नाही.

“मी काय म्हनलं गं असं?” तो मागून बोलत होता. “अशफाक आलता का, एवढंच तर इचारलं.”

ती चालत राहिली.

“तू सगळ्या दुनियेवर शक घेतीस. माझ्या रानात येऊन माझ्याच कॉकला चिंधी बांधतीस. मी कदी राग धरला का?”

ती चालत राहिली. डांबरी आली. लांबून केजकडून येणारी काळीपिवळी दिसली. गहिनीनाथनंच पुढं होऊन हात केला, जीप थांबवली, आणि दार धरून उभा राहिला.

“चुकलं,” तो म्हणाला. जीपचं इंजिन एवढं मोठ्यानं धडधडत होतं की ते त्याचं त्याला तरी ऐकू आलं की नाही कोण जाणे. म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. “चुकलं माझं. अशफाकला बी सांग. मी सोता येऊन सांगतो त्याला. पन बाग घेनार का न्हाई, तेवढं बोलून जा बाई.”

आतल्या बायांनी सरकून जागा केली. अकबरीबी बसली, ओढणी सावरली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिनं सरळ त्याच्या तोंडाकडं बघितलं.

“बाग घेते, भाऊ. पन शक करायचं काम माझं हाय. तुमी कावून शिकलाव?”